मोहटोलीचा ठिपका

मे महिन्यात गोंदियाला निघालेल्या माणसाला आमच्या सांगलीत दोनच प्रश्न विचारतात: तिकडं कुणी आजारी आहे का, आणि तुमचं डोकं ठिकाणावर आहे का. मला दोन्ही विचारून झाले. माझ्या मुलीनं, पूर्वानं, तिसरा विचारला. "आई, फोनवर बोलून भागणार नाही का?" भागणार नव्हतं. फोनवरच भागवायची माझी सवय होती आणि तीच अंगाशी आली होती.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या, मी एका वेगळ्याच मंडळात गेले. आम्ही नऊ जण नऊ गावांत आपापल्या घरी बसतो. पावसाळ्यात कुठं पूर आला की त्या भागातले लोक फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर जे टाकतात आणि व्हॉट्सॲपवर जे फिरतं, ते आम्ही एकेक करून बघतो. जुना व्हिडिओ नवा म्हणून फिरत असेल तर बाजूला काढतो. फोटोतली कमान, दुकानाची पाटी, विजेचा खांब बघून जागा ओळखतो आणि नकाशावर तिथं लाल ठिपका लावतो. जिथं ठिपके दाट, तिथं माणसं अडकलेली, असा हिशेब. नकाशा तालुक्याच्या नियंत्रण कक्षाला जातो आणि बोट कुठं आधी पाठवायची ते त्यांना ठरवायला सोपं पडतं. या कामावर माझा विश्वास बसला तो स्वतःवरून. कृष्णेचं पाणी आमच्या जिन्यात चढलं तेव्हा पूर्वानं गच्चीवरून एक फोटो टाकला होता आणि दुपारच्या आत बोट दारात आली होती.

गेल्या वर्षीच्या पुरात तिरोडा तालुक्याचा नकाशा मी केला. बोदलकसा तलावावर ठिपक्यांचा नुसता सडा पडला होता. मी तातडीनं कळवलं, बोट तिकडं गेली, आणि मी तो नकाशा मोठा छापून घेऊन भिंतीवर लावला. हे सांगायला आता लाज वाटते, पण लावला होता खरा.

होळीच्या सुमाराला प्रकाशभाऊंचा फोन आला. त्यांचं तिरोड्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि आमच्या गटाचे ते तिकडचे डोळे-कान. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "ताई, तुमच्या नकाशात मोहटोली नाई." मी म्हटलं, तिथून काही आलंच नव्हतं. ते म्हणाले, "म्हनूनच सांगून राहिलो."

मोहटोली म्हणजे वैनगंगेच्या अंगाला असलेली वीसेक घरांची टोली, म्हणजे वस्ती. बोट बोदलकसाला गेली त्याच दिवशी तिला पाण्याचा वेढा पडला आणि दोन दिवस राहिला. वंदना रामटेके नावाची पाच महिन्यांची गरोदर बाई तिथं होती. तिला रक्तस्राव सुरू झाला. पलीकडं नेता आलं नाही आणि मूल गेलं. आता ती पुन्हा गरोदर होती आणि दिवस भरणार होते ऐन ऑगस्टात.

मी भिंतीवरचा नकाशा काढला, त्याची गुंडाळी केली आणि पिशवीत घातली. पूर्वानं एका अटीवर सोडलं. रोज संध्याकाळी सातला मी जिथं असेन तिथून माझा एक फोटो पाठवायचा. मी चिडून हो म्हटलं.

गोंदिया

गोंदियाला उतरल्यावर पहिला धक्का भाषेचा. फलाटावरचा चहावाला, रिक्षावाला, पाणी विकणारी बाई, सगळे हिंदीत. मी माझ्या सांगलीच्या हिंदीत "इधर से तिरोडा कू गाडी कवा मिलती" असं विचारलं, तेव्हा रिक्षावाल्यानं माझ्याकडं दयेनं पाहिलं आणि स्वच्छ मराठीत सांगितलं की मॅडम, तुम्ही मराठीतच बोला, ते जास्त समजते.

नाश्त्याला पोहे घेतले. आमच्याकडं पोह्यावर खोबरं आणि कोथिंबीर, इथं पोह्यावर हरभऱ्याची झणझणीत तर्री. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला नाकातून, आणि दुसरी प्लेट मी आपण होऊन मागितली. सकाळचे आठच वाजले होते आणि रस्त्यावरची माणसं डोक्याला पांढरे दुपट्टे गुंडाळून भिंतीच्या सावलीनं चालत होती. सांगलीच्या उन्हाबद्दल मी आजवर जेवढी तक्रार केली तेवढी सगळी मागं घेतली.

तिरोडा

आगगाडीच्या खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या की तिरोडा आलं समजायचं. प्रकाशभाऊ स्टेशनावर आले होते. चाळिशीचा सडपातळ माणूस, शर्टाच्या खिशात चार स्क्रू-ड्रायव्हर आणि बोलणं थेट. माझी गुंडाळी पाहून त्यांनी विचारलं, हे कायले आणलं? म्हटलं, चूक कुठं झाली ते दाखवून घ्यायला. ते म्हणाले, "त्याले नकाशा कायले पाहिजे? गावात चला."

आधी त्यांनी दुकान दाखवलं. काउंटरच्या खणात औषधाची एक रिकामी बाटली होती, तिच्यात पिवळट भुसा भरलेला. तो धानाचा कोंडा होता. पुरानंतरच्या आठवड्यात मोहटोलीचे अकरा फोन दुरुस्तीला आले आणि चार्जिंगच्या भोकांतून टाचणीनं त्यांनी हा कोंडा उकरून काढला होता. फोन भिजला की लोक तो धानात पुरून ठेवतात, धान पाणी ओढून घेतं म्हणतात. तसं काही होत नाही आणि वर कोंडा अडकून फोन बाद होतो, हे ते दहा वर्षं ओरडून सांगत होते. बाटली ठेवली होती ती गिऱ्हाइकांना दाखवून लाजवायला. आम्ही दोघं त्यावर हसलो. अख्खं उत्तर त्या बाटलीत होतं आणि दोघांनाही ते दिसलं नाही.

बोदलकसा

दुसऱ्या दिवशी प्रकाशभाऊंच्या मोटारसायकलवर मागं बसून मी माझे ठिपके बघायला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून झालेल्या बांध्या. बांधी म्हणजे बांध घातलेला भाताचा तुकडा. पावसाळ्यात इथं गुडघाभर पाण्यात रोवणी, म्हणजे भाताची लावणी, चालते. आत्ता जमीन भाकरीसारखी तडकली होती. वाटेत चाक पंक्चर झालं आणि अर्धा कोस चालावं लागलं. वाटेतल्या मोहाच्या झाडाखाली बसलेल्या एका म्हातारीनं न विचारता पाण्याचा तांब्या पुढं केला आणि मी तो एका दमात रिकामा केला.

बोदलकसाचा तलाव जंगलाच्या कुशीत आहे. पाणी उन्हाळ्यानं मागं सरकलेलं, काठावर होड्या पालथ्या घातलेल्या. जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका मासेमाऱ्यानं आम्हाला झोपडीत बसवलं. त्याच्या बायकोनं तलावातल्या मासळीचा लाल रस्सा आणि पातेलंभर भात वाढला. आमच्याकडं भात शेवटी ताकाबरोबर खातात. इथं भातच पहिला आणि भातच शेवटचा. पोळीचं नाव काढलं तर आजारी आहात का विचारतात.

पोट भरल्यावर मी नकाशा उलगडला. हे एवढे ठिपके इथले, म्हटलं, त्या दिवशी इथं काय झालं होतं ते सांगा. मासेमाऱ्यानं नकाशाकडं पाहिलं, मग सांडव्याकडं बोट केलं.

"तलाव भरून ओसंडला का सारा जिल्हा येते इथं पानी पाहाले," तो म्हणाला. "भजे खातेत, फोटो काढतेत. त्या दिवशी तं सरकारची बोटबी आली होती. पोट्टे तिच्यात बसून फोटो काढून राहिले होते."

प्रकाशभाऊ खाली मान घालून भात चिवडत राहिले. मला मात्र कुणी कानफटात मारल्यासारखं झालं. सांगलीत काय वेगळं असतं? पुलाखाली पाणी किती फुटांवर आलं ते बघायला अख्खं गाव लोटतं, मीही जाते. पूर बघणारा माणूस फोटो काढतो. पुरात सापडलेला माणूस आधी पोरं उचलतो, मग शेळ्या. तीस वर्षं मी मुलांना नकाशावाचन शिकवलं आणि एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मी सहल मोजली होती आणि संकट म्हणून पाठवली होती.

त्या दुपारी नकाशाची पुन्हा गुंडाळी करताना मी मनाशी ठरवलं की मोहटोलीतून निरोप निघायचा रस्ता सापडल्याशिवाय परत जायचं नाही.

मोहटोली

मोहटोलीला जायला एक नाला ओलांडावा लागतो. नाल्यावर पूल नाही, रपटा आहे, म्हणजे पाण्याच्या बेताबेतानं बांधलेला काँक्रीटचा ठेंगणा रस्ता. नाला कोरडा होता आणि रपट्यावर शेळ्या उभ्या होत्या. रपट्याच्या टोकाला विजेचा एक खांब. वस्तीत शिरताना निळा झेंडा आणि छोटंसं बुद्धविहार, त्याच्या ओट्यावर विडीच्या तेंदूपत्त्याचे पुडके मोजणाऱ्या बाया. प्रकाशभाऊंनी जय भीम घातला, त्यांनी घेतला, आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

वंदनाचं घर शेवटचं. तिचा नवरा नागपूरला बांधकामावर असतो. घरात ती आणि सासू पार्वताबाई. छपरीत, म्हणजे पडवीत, बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली खाटेवर वंदना बसलेली. पंचविशीची, सहा महिन्यांचं पोट, नजर सरळ. प्रकाशभाऊ मला तिथं सोडून, दुकान उघडायचं म्हणून परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला येणार होते.

मी कोण, कशाला आले ते सांगितलं. गेल्या वर्षीचा नकाशा मी केला होता आणि बोट माझ्यामुळं भलतीकडं गेली, हेही सांगितलं. सांगायचं नाही असं पूर्वानं बजावलं होतं, पण तोंड बघून खोटं बोलवेना. वंदना उठून आत गेली आणि चहा टाकला. इथल्या बायका 'मी आलो, मी गेलो' असं बोलतात, माझ्या कानाला ते आधी पुरुषी वाटलं. ती आतूनच म्हणाली, "मी समजत होतो, आमच्याकडे पाहालेच कोनी नाई बसला. बसला होता तं."

चहा घेऊन ती बाहेर आली आणि कप माझ्या हातात दिला.

जेवणाला तिनं तांदळाच्या पिठाचे आयते केले. आपल्या घावनाचेच हे भाऊबंद, पण कागदासारखे पातळ आणि कडेला जाळी. बरोबर अंबाडीची आंबट भाजी. पार्वताबाईंनी मला पाच खायला लावले आणि सांगलीच्या बायका एवढं थोडं जेवत असतील तर शाळा कशा चालवतात म्हणून चौकशी केली. पार्वताबाई मला आवडल्या. सत्तरीच्या, पाठीत वाकलेल्या, हुकूम सोडायची सवय.

दुपार कलताना अचानक वारं सुटलं. धुळीनं आभाळ पिवळं झालं आणि लांब कुठं तरी गडगडलं. एक थेंबही पडला नव्हता. पार्वताबाई उठल्या, वंदनाचा फोन घेतला, बंद केला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. मग माझ्यापुढं हात केला. मी खुळ्यागत माझाही दिला. त्या आतल्या खोलीत गेल्या. तिथं ओट्यावर ढोली होती. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, पुरुषभर उंचीची धानाची कणगी. त्यांनी चौरंगावर चढून कोपरापर्यंत हात धानात खुपसला आणि दोन्ही फोन आत गाडले.

मी थक्क होऊन विचारलं, हे काय? त्यांनी मला शाळकरी पोरीला सांगावं तसं समजावलं. गडगडलं की चालू फोनवर वीज पडते. आणि पाणी आलं तर घरात सगळ्यात उंच आणि कोरडी जागा हीच. वस्तीत सगळे असंच करतात. आभाळ मोकळं झालं की काढायचे, त्याआधी नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि प्रकाशभाऊंची बाटली आठवली. फोन भिजल्यावर धानात जात नव्हते. भिजायच्या आधीच जात होते. गेल्या वर्षी पहिल्या गडगडाटाला अख्ख्या मोहटोलीचे फोन बंद होऊन ढोल्यांत गेले. टॉवर तेव्हा चालू होता. एक फोटो, एक ओळ निघाली असती तर ठिपका पडला असता. फोन बाहेर काढले तोवर वीज गेली होती आणि टॉवरही. मी हे वंदनाला विचारलं तेव्हा ती सासूकडं न बघता हो म्हणाली. पार्वताबाई उठून अंगणात गेल्या आणि शेळ्यांवर उगाच ओरडू लागल्या. तो विषय त्या दिवशी मी पुन्हा काढला नाही.

आभाळ काही मोकळं झालं नाही. रात्रभर लांबवर गडगडत राहिलं आणि सातचा माझा फोटो राहून गेला. दुसऱ्याच्या ढोलीत पाहुणीनं हात घालायचा नसतो, एवढं मलाही कळत होतं. एक दिवस फोटो नाही गेला तर काय आकाश कोसळतंय, असं म्हणून मी झोपले.

कोसळलं होतं. उजाडता उजाडता प्रकाशभाऊंची मोटारसायकल दारात. डोळे तांबडे, शर्ट उलटा. पूर्वानं सातपासून मला फोन लावला, मग त्यांना, मग त्यांच्या बायकोला, आई मोहटोलीत आहे एवढ्यानं तिचं समाधान होईना म्हणून मी उतरले होते त्या लॉजला, आणि शेवटी तहसीलच्या नियंत्रण कक्षाला. तिथल्या माणसानं वैतागून पहाटे प्रकाशभाऊंना उठवलं होतं. मला बघून ते खाली बसले आणि पाणी मागितलं. मी ओशाळून हसत होते, पार्वताबाई धानातून फोन काढत होत्या. हसली नाही ती फक्त वंदना.

"तुमचा एक दिवस मेसेज नाई गेला तं तुमच्या पोरीनं सारा तिरोडा हालवला," ती म्हणाली. "आमचा दोन दिवस कोनाले काई नाई गेला. कोनी नाई हालला."

आम्ही नऊ जण चार वर्षं जे धडपडत होतो त्यातलं मुख्य तिनं दोन वाक्यांत सांगितलं. आम्ही आलेले फोटो मोजत होतो. पूर्वा न आलेला फोटो मोजत होती, कारण तिला माझा फोटो रोज यायची सवय होती. मोहटोलीची आम्हाला कसलीच सवय नव्हती, म्हणून तिचं गप्प होणं आम्हाला ऐकू आलं नाही.

मग मी बाई झाले, शाळेतली. खाटेवर सगळ्यांना बसवलं. ठरलं ते असं: रपट्याच्या खांबावर लाल पट्टा रंगवायचा, पाणी तिथवर आलं की पायी जाणं बंद. वंदनानं रोज संध्याकाळी पाचला त्या खांबाचा एक फोटो आम्हाला पाठवायचा. ऊन असो, पाऊस असो, काही घडो न घडो. साडेपाचपर्यंत फोटो आला नाही तर मोहटोली अडचणीत आहे असं धरायचं. राहिली ढोली. पार्वताबाई वीज पडण्याबाबत तसूभर हलेनात. शेवटी मी म्हटलं, आजी, ढोली राहू द्या, फक्त क्रम बदला. गडगडलं की आधी फोटो, मग ढोली. त्यांनी सुनेच्या पोटाकडं पाहिलं आणि मान हलवली.

वंदनानं मात्र एक प्रश्न विचारला. "अन् नाई पाठवला तं?"

"तर बोट येईल," मी म्हटलं.

"येईल?"

"येईल."

माझ्या हातात तेव्हा बोट नव्हती, वल्हंसुद्धा नव्हतं. ते तिलाही दिसत होतं.

पुन्हा तिरोडा

बोट ज्यांच्या हातात होती ते तहसीलच्या नियंत्रण कक्षाचे साहेब तरुण होते आणि चांगले होते, पण त्यांच्यापुढं सगळा तालुका होता. फोनची बॅटरी उतरली, नेटवर्क गेलं, पोरगी विसरली, की दर वेळी मी बोट पाठवायची का, असा त्यांचा सवाल. तो चुकीचा नव्हता. मी त्यांच्या टेबलावर माझा नकाशा पसरला. बोदलकसाच्या ठिपक्यांवर बोट ठेवून सांगितलं की हे भजी खाणारे लोक आहेत आणि ही कोरी जागा मोहटोली आहे. ही चूक माझी, तुमची नाही. मला ती दुसऱ्यांदा करायची नाही.

त्यांनी नकाशा स्वतःकडं वळवून घेतला. मग म्हणाले, "एका टोलीपुरतं करून बघू. पण एकदा जरी उगाच धावायला लावलंत, मॅडम, तर बंद."

मी कबूल केलं. वंदनाला आणि प्रकाशभाऊंना ती अट शब्दाला शब्द सांगितली. प्रकाशभाऊंनी त्याच दुपारी दुकान बंद करून लाल पट्टा रंगवला. निघताना पार्वताबाईंनी पिशवीभर तांदूळ दिला. नकाशा मी साहेबांच्या टेबलावरच ठेवून आले.

परतल्यावर

जून लागला आणि खांब येऊ लागला. रोज पाचला. कोरडा खांब, शेळी टेकलेला खांब, खांबावर बसलेला कावळा. रोवणीच्या दिवसांत वंदनाच्या ओल्या बोटांमुळं धुरकट झालेला खांब. जुलैत पाणी रपट्यावर चढलं, उतरलं. मी भाजी निवडताना, डोळ्यांच्या डॉक्टरकडं रांगेत असताना पाच वाजायची वाट बघायची. पूर्वा म्हणाली, तू मला कधी एवढं विचारत नाहीस. खरं होतं.

ऑगस्टात वंदनाच्या तारखेला आठ दिवस राहिले. तिनं आधीच माहेरी किंवा तिरोड्याला जावं म्हणून प्रकाशभाऊंनी दोनदा सांगून पाहिलं होतं, पण सासूला एकटीला सोडून ती हलायला तयार नव्हती. त्या दिवशी वैनगंगा चढत होती. आदल्या दिवशीच्या फोटोत पाणी लाल पट्ट्याच्या दोन हात खाली होतं. पाच वाजले, फोटो नाही. सव्वापाचला मी फोन लावला, बंद. साडेपाचला मी साहेबांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, नक्की? आवाज घट्ट करून मी म्हटलं, नक्की. नक्की माझ्याकडं काहीच नव्हतं. फक्त एक न आलेला फोटो होता.

उजेड असतानाच बोट पोचली. सातच्या सुमाराला साहेबांचा फोन आला तो तापलेला. वस्तीत सगळं ठीक होतं. पाणी पट्ट्याला नुकतं टेकलं होतं. फोन ढोलीत सापडला, कोरडा, बॅटरी भरलेली. "मॅडम, मी सांगितलं होतं," ते म्हणाले. मी एवढंच म्हटलं की बोट गेलीच आहे, तर त्या बाईला घेऊन या. त्यांनी आणलं. वंदनाला, पार्वताबाईंना आणि दोन म्हाताऱ्यांना. बाकीचे म्हणाले, पाणी उतरेल, आम्ही राहतो. त्यांच्यातल्या एकाला प्रकाशभाऊंनी फोनवरूनच खांबाचं काम लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी पाचला फोटो आला. वाकडा, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. खांब होता, पट्टा नव्हता. पट्ट्याच्या वर हातभर पाणी होतं. मी संगणकावर यंदाचा नकाशा उघडला आणि मोहटोलीवर लाल ठिपका लावला. तिथला पहिलाच. बोट पुन्हा गेली आणि उरलेल्यांना घेऊन आली. त्या संध्याकाळी साहेबांचा फोन आला. आवाज खाली आला होता. 'बंद'ची गोष्ट त्यांनी काढली नाही, शेजारच्या आणखी दोन वस्त्यांची नावं दिली आणि तिथल्या खांबांना पट्टे लावता येतील का, ते विचारलं.

आठवड्यानं वंदनाला तिरोड्यात मुलगी झाली. मी फोन केला तेव्हा मागं पोरगी टाहो फोडत होती आणि पार्वताबाई कुणाला तरी हुकूम सोडत होत्या. अभिनंदन झालं, वजन विचारून झालं. मग राहवेना म्हणून मी विचारलं. त्या दिवशी गडगडलं होतं का? आजींनी फोन ढोलीत टाकला होता का?

"नाई," ती म्हणाली. "मीच टाकलो. बंद करून."

"का गं?"

तिनं पोरीला जवळ घेतलं असावं. पोरगी रडायची थांबली होती.

"पाहाचं होतं. तुमी म्हनले होते, येते म्हनून. खरंच येते का, ते पाहाचं होतं. पोरीले घेऊन तिथं राहाचं आहे आमाले."

रागवायला हवं होतं. साहेबांची अट तिला माहीत होती, एका टोलीचं सगळंच बुडालं असतं. पण गेल्या वर्षी दोन दिवस जिनं वाट पाहिली, तिला कुणाच्या नुसत्या शब्दावर पुन्हा वाट बघ म्हणायचा हक्क मला नव्हता. मी डोळे पुसले आणि एवढंच विचारलं, "मग? आली ना?"

"आली," वंदना म्हणाली. "आता पाठवीन रोज."